सोंग आणि संमेलन

‘सोंग’ या शब्दाला मराठीत अलीकडे बरे दिवस राहिलेले नाहीत. सोंग म्हणजे ढोंग, असे समीकरण मांडून आपण मोकळे झालो आहोत. झोपेचे सोंग, आजाराचे सोंग, साधेपणाचे सोंग. जिथे काही लपवायचे असते तिथे हा शब्द हमखास येतो. वास्तविक उत्तरेकडच्या ‘स्वांग’ या लोकनाट्याशी नाते सांगणारा हा शब्द आपल्याकडे एके काळी लपवण्यासाठी नव्हे, तर प्रकट होण्यासाठी वापरला जात होता. लळितात सोंगे येत. दशावतारात सोंगे येतात. नाथांच्या भारुडांत तर जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगांची रांगच आहे. आणि त्यातले एकही सोंग फसवण्यासाठी घेतलेले नाही.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके आणि त्यांना लागून असलेला जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग, या पट्ट्यात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. रात्री संबळ वाजू लागतो आणि मशालींच्या उजेडात एकेक सोंग नाचत पुढे येते. आधी गणपती, शारदा. मग रामायण-महाभारतातली पात्रे, देव आणि राक्षस. मुखवटा चढवलेला माणूस दिवसा शेतावर किंवा मजुरीवर राबणारा असतो. ते सोंग पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे चालत आलेले असते. त्याने वाल्मीकी वाचलेला नसेल, पण रावणाचे पाऊल कसे पडते हे त्याच्या पायांना ठाऊक असते. याला वाचन म्हणायचे की नाही, हा प्रश्न आपण मराठीचे शिक्षक सहसा लोकसाहित्याच्या पेपरापुरता ठेवतो आणि पुढे जातो.

हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला तो बोहाड्यात नव्हे, तर मुंबईत, गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, २२ ते २४ या तीन दिवसांत, तिथे ‘अ‍ॅनिमे इंडिया’ नावाचे संमेलन प्रथमच भरले. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रे आणि मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. या दोहोंच्या चाहत्यांचा हा मेळावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तिथे गेले. माझी एक विद्यार्थिनी एकलहऱ्याला राहते. तिला जायचे होते आणि घरून परवानगी मिळाली होती ती ‘मॅडम सोबत असतील तर’ या अटीवर. तिची आई मला फोनवर म्हणाली होती, “कसला मेळावा आहे ते मला काही कळलं नाही, पण तुम्ही आहात ना, मग जाऊ दे तिला.” मलाही फारसे कळलेले नव्हते, कुतूहल मात्र होते.

ही अट वाचकांना जुनाट वाटेल. पण ती ज्या काळात घातली गेली तो काळही पाहावा. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातील तीन अल्पवयीन मुली घरातून निघून गेल्या. बीटीएस या कोरियन गायकांच्या चमूला भेटायला कोरियाला जायचे, त्यासाठी आधी पुण्यात जाऊन पैसे कमवायचे, असा त्यांचा बेत होता. आपले अपहरण झाल्याचा बनावही त्यांनी रचला होता. पोलिसांना त्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळला, एसटीच्या वाटेवर सापडल्या. बातमी वाचून पुष्कळ लोक हसले. मला हसू आले नाही. आपण ज्यावर जीव लावला आहे ते जिथे घडते ते ठिकाण आपल्या गावापासून किती दूर आहे, याचा अंदाज नसलेल्या त्या मुली होत्या. एखाद्या गोष्टीवर प्रेम असणे आणि ते प्रेम घेऊन जायला जागा नसणे, ही स्थिती साहित्याच्या लोकांना अनोळखी असू नये.

एकलहरे म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या येतात. गोदावरीकाठचे हे गाव वीज केंद्रामुळे नकाशावर ठळक झाले. १९७० च्या सुमारास सुरू झालेले १४० मेगावॉटचे दोन जुने संच केव्हाच निवृत्त झाले. नंतरचे २१० मेगावॉटचे तीन संच राहिले. रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा येतो, तो पट्ट्यांवरून वर चढतो, दळला जातो, जळतो आणि राख होऊन बाहेर पडतो. माझ्या विद्यार्थिनीचे वडील तिथे कोळसा हाताळणाऱ्या विभागात, कामगारांच्या भाषेत ‘सीएचपी’त, कंत्राटी कामावर आहेत. ही माहिती मी केवळ पार्श्वभूमी म्हणून देत नाही. तिचा पुढे संबंध येणार आहे.

सकाळच्या पंचवटीने आम्ही दादरला उतरलो आणि लोकल बदलून राम मंदिर स्थानकावर पोहोचलो. तोवर ही मुलगी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. मांडीवर एक मोठी कापडी पिशवी आणि पायाशी पुठ्ठ्याचा खोका. नेस्कोच्या आवारात शिरल्यावर ती स्वच्छतागृहात गेली आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती हिरव्या-काळ्या चौकटींचा झगा घालून, कपाळावर जखमेचा व्रण रंगवून, कानांत पुठ्ठ्याची चित्रित कर्णभूषणे लेवून. पाठीवर तो खोका, आता लाकडी पेटीसारखा रंगवलेला. पांढऱ्या कापडावर एकेक चौकट आखून तिने तो झगा स्वतः रंगवला होता आणि आत्याच्या शिलाई यंत्रावर शिवला होता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण त्या सभागृहात जागोजागी खरी ठरत होती. महागडे तयार पोशाख मागवलेली मुलेही तिथे पुष्कळ होती. पण त्यांच्यातलीच दोघे-तिघे तिच्याजवळ येऊन झग्याची शिवण बोटांनी चाचपून पाहत होती आणि “खुद बनाया?” असे आदराने विचारत होती.

ती ज्याचे सोंग घेऊन आली होती तो तान्‌जिरो कामादो. कोयोहारू गोतोगे यांच्या ‘किमेत्सु नो याइबा’ या मांगाचा नायक. २०१६ ते २०२० या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ‘डीमन स्लेअर’ या इंग्रजी नावाने जगभर पोहोचली. कथानक थोडक्यात असे : डोंगरातल्या एका कुटुंबातला थोरला मुलगा कोळसा विकायला गावात गेलेला असताना एका राक्षसाने घरच्या माणसांना मारलेले असते. एकटी बहीण वाचते, पण तीही राक्षसीण होऊन. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी तो मुलगा राक्षसांशी लढायला निघतो. दिवसाचा उजेड तिला सोसत नाही, म्हणून तो तिला पाठीवरच्या पेटीत घेऊन हिंडतो.

मी तिला विचारले, “एवढ्या सगळ्यांतून तू हाच का निवडलास गं?”

ती झग्याची बाही नीट करत म्हणाली, “मॅडम, त्याच्या घरी पण कोळसाच आहे.”

वर्गात आपण ‘साहित्य आणि समाज’ शिकवतो, तादात्म्य शिकवतो, साधारणीकरण शिकवतो. ही मुलगी दोन वर्षे माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते. व्यक्तिरेखाटनावरच्या प्रश्नाला ती परीक्षेत मार्गदर्शकातले उत्तर लिहिते आणि बरे गुण मिळवते. तोंडी विचारले तर खाली पाहते. तिथे मात्र एका अनोळखी मुलाने तिला हटकले की तान्‌जिरो फारच गुळगुळीत नायक आहे, त्याला राग कसा येत नाही; आणि ती उसळून बोलू लागली. राग त्याला येतो, पण मारल्यानंतर तो त्या राक्षसाचा हात हातात घेतो, कारण राक्षस हा आधी माणूस होता हे तो विसरत नाही. त्याचे नाक तीक्ष्ण आहे, त्याला समोरच्याच्या दुःखाचा वास येतो, म्हणून त्याची तलवार इतरांपेक्षा जड आहे, असे बरेच काही. दहा मिनिटे ती बोलत होती. याला आपण रसग्रहण म्हणतो. फरक इतकाच की ते हिंदीत चालले होते.

हा फरक मराठीच्या शिक्षकाला लहान वाटणे शक्य नाही. या पिढीच्या लहानपणी डोरेमॉन आणि शिनचॅन घराघरात आले ते हिंदी बोलत. त्याआधी, २००४ मध्ये, अ‍ॅनिमॅक्स वाहिनी भारतात आली होती. २०१९ मध्ये इथल्या चाहत्यांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली आणि माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. या संमेलनानंतर तीनच आठवड्यांनी, १२ सप्टेंबर २०२५ ला, तान्‌जिरोचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट आपल्याकडे आला, तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत. मराठीत नाही. या संमेलनात एका टेबलावर डोंबिवलीची एक मुलगी स्वतः काढलेली चित्रकथा विकत होती. गोष्ट कोकणातल्या एका देवराईतली, पात्रांची नावे मराठी, भाषा इंग्रजी. मी विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, “मराठीत काढली तर घेणार कोण?” मी एक प्रत घेतली. उत्तर माझ्याकडे नव्हते.

वेशभूषा करून पात्र होण्याच्या या प्रकाराला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. इंग्रजी शब्दांच्या जोडातून घडलेला हा जपानी शब्द. १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो एका जपानी मासिकातून रूढ केला. त्याच्याही आधी, डिसेंबर १९७५ मध्ये, तोक्योत ‘कॉमिक मार्केट’ नावाचा मेळावा सुरू झाला. स्वतः काढलेल्या चित्रकथा घेऊन आलेले ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे, एवढाच त्याचा पसारा होता. पुढे तो वाढत, जागा बदलत गेला आणि १९९६ पासून ‘तोक्यो बिग साइट’ या अवाढव्य केंद्रात भरू लागला. पण त्याच्या आयोजकांनी एक तत्त्व सोडले नाही. तिथे कोणी ‘ग्राहक’ नाही आणि कोणी ‘प्रेक्षक’ नाही. विकणारा, विकत घेणारा, रांग लावणारा स्वयंसेवक, सोंग घेऊन आलेला, सगळ्यांना एकच शब्द : सहभागी.

हा शब्द वाचला आणि मला आपले साहित्य संमेलन आठवले.

नाशिकचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात व्हायचे होते. करोनामुळे ते पुढे गेले आणि त्याच वर्षी ३ ते ५ डिसेंबरला आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत, नव्याच ठिकाणी, भरले. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठा देणारा लेखक अध्यक्ष आणि त्याची खुर्ची रिकामी, याची चुटपुट अनेकांना लागली. ठिकाण बदलले, गावाबाहेर गेले, पण मंडपाची रचना बदलली नाही. ती कुठेच बदलत नाही. समोर उंच व्यासपीठ, त्यावर खुर्च्या, खाली खुर्च्या. बोलणारे वर, ऐकणारे खाली. वाचकाला संमेलनात जागा आहे, पण ती बसण्याची आहे.

आणि तरीही याच संमेलनाची सुरुवात कशाने होते? ग्रंथदिंडीने. दिंडीत शाळांची मुले ज्ञानेश्वर होतात, तुकाराम होतात, सावित्रीबाई होतात, लेझीम खेळतात. म्हणजे सोंग आपल्याकडेही आहे आणि संमेलनाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. मंडपाच्या दाराशी मात्र ते संपते. मुले टोपी-उपरणी काढून शाळेच्या बसमध्ये बसतात आणि आत परिसंवाद सुरू होतो. त्या सावित्रीबाईला परिसंवादात कोणी विचारत नाही की बाई, तुम्हाला काय वाटते. गोरेगावला नेमका याच्या उलट प्रकार होता. तिथे सोंग आत शिरत होते आणि आत शिरल्यावरच बोलू लागत होते.

संमेलनात जागा कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिली ग्रंथकारसभा पुण्यात १८७८ मध्ये भरली आणि पुढच्या, १८८५ च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. बहुजनांच्या हक्कांना ज्यांच्या विचारात आणि ग्रंथांत जागा नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. त्या पत्राची धग आणि आजच्या एका मुलीच्या झग्याची गोष्ट एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. पण कोळसा हाताळणाऱ्या कामगाराच्या मुलीला आपल्या घराची ओळख तोक्योतल्या साप्ताहिकात छापलेल्या कथेत पटावी आणि तिच्या अभ्यासक्रमात ती तिला सापडू नये, हे त्या पत्राने विचारलेल्या प्रश्नापासून फार दूर आहे असेही मला म्हणवत नाही. मराठीत कष्टकऱ्यांचे साहित्य नाही, असे कोणीच म्हणणार नाही. ते विपुल आहे आणि थोर आहे. आपण मात्र ते पाच गुणांच्या टिपेसाठी शिकवतो. ते अंगावर घालून पाहा, असे आपण मुलांना कधी सांगत नाही.

या मेळाव्याचे गुणगान करण्याचा मोह टाळला पाहिजे. त्या सभागृहात जवळपास प्रत्येक गोष्टीला किंमतीची चिठ्ठी होती. बाहुल्या, बिल्ले, टी-शर्ट, भित्तिचित्रे यांची तिथे चांगली मोठी बाजारपेठ भरली होती. बोहाड्यातला रावण गावाचा असतो; तान्‌जिरो हा कंपन्यांच्या मालकीचा आहे आणि त्याच्या चौकटींच्या झग्यावरूनही व्यापारचिन्हाचा खटाटोप जपानात होऊन गेला आहे. प्रेम करणाऱ्या मुलांना खरेदी करणारी मुले बनवणे हे त्या यंत्रणेचे काम आहे आणि ती ते चोख करते. पण जत्रेतही दुकाने असतात म्हणून देवदर्शन खोटे ठरत नाही. शिवाय पूर्वी ही मुले सर्वसाधारण कॉमिक्स-मेळाव्यांच्या एखाद्या कोपऱ्यात उभी असत. आता त्यांना स्वतंत्र सभागृह मिळाले होते. नेस्कोचे हे आवार मुळात न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी या कारखानदारीचे. पुढे ते प्रदर्शनांचे झाले, २०२० मध्ये तिथे करोना रुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या आणि आता तिथे राक्षस आणि राक्षसमारक एकमेकांची छायाचित्रे काढत होते. जागा ही ती वापरणाऱ्यांची होते, एवढे मला त्या दिवशी दिसले.

आणखी एक गोष्ट दिसली. माझी विद्यार्थिनी मुलाचे सोंग घेऊन आली होती आणि दिवसभरात एकानेही तिला त्यावरून छेडले नाही. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांची साडी डोळे भरून पाहिली आणि तिची नक्कल घराघरांत केली, त्या महाराष्ट्राला यात आश्चर्य वाटू नये. पण पुरुषाने स्त्री होण्याची आपल्याकडे परंपरा आहे. स्त्रीने पुरुष होऊन, तलवार घेऊन, दिवसभर मोकळेपणी हिंडण्याची सवड आपण तिला फारशी दिलेली नाही. तिच्या आईने जी अट घातली तीही त्या सवडीच्या अभावातूनच आलेली होती.

मी तिला सहज विचारले, की इथे मराठीतले कोणी का नाही? एखादा फास्टर फेणे, एखादा चिमणराव?

ती गंभीरपणे विचार करून म्हणाली, “फास्टर फेणे चालेल मॅडम. पण सायकल आत सोडणार नाहीत.”

परतीच्या पंचवटीत तिने झगा घडी घालून पिशवीत ठेवला होता. कपाळावरचा व्रण मात्र पुसायचा राहून गेला होता. समोरच्या बाकावरची आजी त्याच्याकडे काळजीने पाहत होती. कसाऱ्याचा घाट लागला तेव्हा मी तिला म्हटले, “त्या मुलाला जे सांगितलंस ना, ते मला मराठीत सांग.” ती अडखळली. हिंदीत जे वाहत आले होते ते मराठीत शब्दाशब्दाला थांबू लागले. ‘तो राक्षसांवर दया करतो’ असे म्हणाली आणि लगेच मान हलवली. “दया नाही मॅडम. दया वरून खाली करतात. तो खाली बसतो त्यांच्याजवळ.” मग बोगदा आला, गेला, आणि ती म्हणाली, “कणव. आमची आजी म्हणायची. त्याला कणव आहे.”

करुणरसावर मी वर्षानुवर्षे बोलत आले आहे. दया आणि कणव यांतला हा भेद इतक्या नेमकेपणाने मांडलेला मी कोणत्याही उत्तरपत्रिकेत वाचलेला नाही. आणि तो शब्द तिला पाठ्यपुस्तकातून नव्हे, आजीकडून मिळाला होता. फक्त तो वापरायची वेळ तिच्यावर आजवर कोणी आणली नव्हती. मराठी मुलांकडून नाहीशी झाली आहे असे आपण स्टाफरूममध्ये म्हणतो तेव्हा मला वाटते, ती तळाशी आहे. तिला वर यायला निमित्त हवे. निमित्त जपानी असले म्हणून बिघडत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून जपानी शैलीत रामकथा रेखाटली, तेव्हा राम काही परका झाला नाही.

आमच्या विभागात २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो. हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, आभार, चहा, असा त्याचा ठरलेला क्रम आहे. पाहुण्यांच्या भाषणाच्या जागी मी एक प्रस्ताव मांडला आहे. प्रत्येकाने मराठी पुस्तकातले एक पात्र निवडायचे, त्याचे सोंग घ्यायचे, आणि सभागृहातल्या कोणीही विचारलेल्या प्रश्नांना त्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे. पाठांतर नाही, बक्षीस नाही. एका सहकाऱ्यांनी विचारले, “मॅडम, यात अभ्यास कुठे आहे?” दुसरे म्हणाले, “पोशाखाचा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : पोशाख घरचाच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी इथे देण्याचा प्रयत्न केला आहे. सायकल मात्र आत सोडायची, एवढे मी शिपाईमामांना आताच सांगून ठेवले आहे.